खातीपुऱ्यात काढलेले वर्तुळ

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत माझी लहान भावंडे असतात. पत्र्याची, हलकी, वर्षभरात टोक बोथट होणारी. मी त्यांच्यातला थोरला. मी एक जुना पितळी परकार आहे. माझ्या एका पायाला पोलादी टोक आहे आणि दुसऱ्या पायात पेन्सिल बसते. सध्या मी जयपूरला, खातीपुऱ्यातल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. शेजारी समुद्राच्या एका नकाशाची गुंडाळी आहे. इथून समुद्र फार लांब. इथे आंधी आली की खणातसुद्धा वाळू येते. तरी माझे काम समुद्रावरचेच होते, आणि माझे दुःखही तिथलेच आहे.

मुंबईला गिरगावातल्या एका लहान कारखान्यात मला आनंदराव नावाच्या कारागिराने घडवले. माझा सांधा बसवला तेव्हा तो मला कानाशी धरून पुन्हा पुन्हा उघडायचा आणि मिटायचा. सांधा सैल राहिला तर माप खोटे होते आणि घट्ट राहिला तर धरणाऱ्याच्या हाताला हिसका बसतो, असे तो म्हणे. त्याचे मन भरले तेव्हाच त्याने मला मखमलीच्या डबीत ठेवले. तिथून मला उमाकांतने विकत घेतले.

उमाकांत हा हवामान कचेरीतला अधिकारी. तो देवगडकडचा, दर्यावर्दी घरातला. त्याचे वाडवडील होडीवर गेले, हा शाळेत गेला. नोकरीत त्याला कोकणातल्या एका बंदरावर नेमले होते. त्याची बायको गिरिजा हीसुद्धा तिकडचीच. तिचे वडील हिंदुराव तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. ती माणसे घरात आपल्या गावची बोली बोलत. ती ऐकत ऐकतच मी जुना झालो.

आता माझे काम सांगतो. वादळात एखादी होडी हरवली की बंदरावरची माणसे उमाकांतकडे धावत येत. समुद्र अफाट. सगळा कोण शोधणार? विमानात तेल मोजके, बोटींना दिवसाचा उजेड मोजका. म्हणून आधी ठरवावे लागते की शोधायचे कुठे. उमाकांत नकाशावर होडी शेवटची दिसली ती जागा धरायचा. तेव्हापासून वारा कोणीकडून वाहिला, किती जोरात, पाण्याची ओढ कोणीकडे होती, हे तो पाहायचा. मग मला उघडून त्या वाटेने एकेक पाऊल टाकत न्यायचा. पाऊल संपले तिथे टोक रोवून वर्तुळ काढायचा. होडी या वर्तुळात असावी, असा त्याचा अर्थ.

वर्तुळ लहान काढले तर माणसे बाहेर राहतात. फार मोठे काढले तर शोध पातळ होतो, खडाभर गूळ घागरभर पाण्यात टाकावा तसा. आणि आणखी एक गोष्ट असते. पाण्यावर वाळके पान टाका आणि शेजारी एक नारळ टाका. पान वाऱ्याबरोबर धावते, नारळ पाण्यात अर्धा बुडून हळू सरकतो. होडीचेही तसेच. शीड कसे आहे, भार किती आहे, होडीतली माणसे काय करत आहेत, यावर ती किती लांब जाईल हे ठरते. वारा यंत्राने मोजता येतो. माणसांचे मात्र ओळखावेच लागते.

उमाकांत ते ओळखायचा. हा तांडेल घाबरट आहे, हा हट्टी आहे, हा आधी देवाला नवस बोलेल आणि मग शीड उतरवील, असे तो हसत हसत सांगायचा आणि त्याप्रमाणे माझे पाऊल कमीजास्त करायचा. त्या वर्षांत आम्ही किती होड्या परत आणल्या! खंडेनवमीला खलाशांच्या बायका कचेरीत यायच्या आणि मला हळदकुंकू लावायच्या. गिरिजाचा धाकटा भाऊ संभाजी तेव्हा नुकताच होडीवर जाऊ लागला होता. तो थट्टा करायचा, “भावोजी, तुमी हो परकार माका देवा. बांगडे खंय आसत ता हुडकूया!”

एकोणीसशे साठच्या सुमारास उमाकांतची बदली जयपूरला झाली.

इथे मला काही काम उरले नाही. धुळीच्या वादळाला परकार लागत नाही. उमाकांतने सवयीने नकाशा भिंतीवर लावला आणि मला खिडकीच्या फळीवर ठेवले. दूधवाला दारातून नकाशाकडे बघत म्हणायचा, “साहब, इसमें तो कुछ है ही नहीं। सब खाली पड़ा है।” गिरिजा हसायची. म्हणायची, “भैया, जे खाली दिसता ना, थयच आमचा सगळा आसा.” ते दूधवाल्याला कळायचे नाही, पण तोही हसायचा. उमाकांतची लहान लेक सुमन इथल्या शाळेत जाऊ लागली आणि अर्धे हिंदी, अर्धे मराठी बोलू लागली. गावाला जायचे दर उन्हाळ्यात ठरायचे. कधी रजा मिळाली नाही, कधी सुमनला गोवर आला, कधी गाडीचा प्रवासच नको वाटला. बघता बघता गिरिजाला माहेर दिसून काही वर्षे झाली. संभाजी तांडेल झाला, त्याचे लग्न झाले, श्रावणात त्याला मुलगा झाला, हे सगळे तिला पत्रातून कळले.

आणि मग दिवाळीनंतर अरबी समुद्रात वादळ झाले.

त्या दुपारी उमाकांत कचेरीतून अवेळी घरी आला. चपला न काढता आत आला आणि त्याने मला फळीवरून उचलले. गिरिजा कणीक मळत होती.

“काय झाला? चेहरो असो कित्याक?” तिने विचारले.

“गिरिजा, संभाजीची होडी परत येवक नाय.”

“म्हणजे?”

“बाकीचे सगळे इले. हे तिघे नाय. तो, त्येचो खलाशी कोंडिबा आणि आणखी एक पोर. प्रभाकराचो ट्रंककॉल होतो.”

प्रभाकर म्हणजे बंदरावर उमाकांतच्या जागी आलेला अधिकारी. तो फोनवर म्हणाला होता, “साहेब, विमान द्यायला तयार आहेत. पण वर्तुळ तुम्ही काढून द्या. माझा धीर होत नाही.” वाऱ्याचे सगळे आकडे त्याने सांगितले होते. होडी शेवटची कुठे दिसली तेही सांगितले होते. बंदराबाहेरच्या खडकापाशी दुसऱ्या होडीवाल्यांनी ती पाहिली होती. वारा आग्नेयेचा होता, म्हणजे होडी वायव्येला ढकलली जाणार होती. आता एकच गोष्ट ठरायची राहिली होती.

ती गोष्ट नीट समजून घ्या, मित्रांनो. मोठ्या वाऱ्यात सावध तांडेल शीड उतरवतो, होडीतली जाळी दोरखंडांनी एकत्र बांधतो आणि होडीच्या पुढच्या टोकाला बांधून ते सगळे ओझे पाण्यात सोडतो. ते ओझे पाणी धरून राहते. होडीचे तोंड वाऱ्याकडे राहते आणि ती फार वाहवत नाही. पण त्यात जाळ्यांच्या चिंध्या होतात. म्हणून कित्येक तांडेल जाळी पोटाशी धरतात आणि होडी वाऱ्यावर सोडतात. ती होडी मग कुठल्या कुठे जाते. एका विमानाला दोन्हीकडे शोधणे शक्य नव्हते. कुठले तरी एक वर्तुळ धाडायचे होते.

उमाकांतने नकाशा भिंतीवरून काढून फरशीवर पसरला आणि विचारले, “गिरिजा, माका एक सांग. संभा जाळी पाण्यात सोडतलो काय?”

“संभा?” तिला त्या घाईतही हसू आले. “आणि जाळी सोडतलो? नारळी पुनवेक नवी नायलॉनची जाळी घेतल्यान, पत्र भरून त्याचाच कवतिक! लहान असताना जाळा खडकाक अडाकला म्हणान पाण्यात उडी मारल्यान. आबांनी वल्ह्यान बडवल्यानी, तरी मुठीतला जाळा सोडूक नाय.”

“आता मोठो झालो तो.”

“मोठो होवन काय? माझो भाव तो. माका इचारतास?” कणकेचा हात तिने कपाळावरून फिरवला. “त्येचो जीव जाळ्यात आसा. तो वाऱ्याक पाठ दितलो आणि गाणी म्हणीत बसतलो. येवदे एकदा, कानच पकडतंय!”

“माकाय तसाच वाटता,” उमाकांत म्हणाला.

मग त्याने मला लांब उघडले आणि खडकापासून वायव्येकडे मोठमोठी पावले टाकत नेले. पावले संपली तिथे टोक रोवले आणि वर्तुळ काढले. इतके स्वच्छ वर्तुळ मी क्वचितच काढले असेल. सुमन शेजारी गुडघ्यांवर बसून बघत होती. तिने विचारले, “बाबा, मामा ह्या गोलच्या अंदर आहे ना?”

“हो.”

“मतलब, मिळणार?”

“हो गो बाय.” आणि तो सायकल काढून तारघराकडे गेला.

पुढचे दिवस त्या घराने कसे काढले ते मी फरशीवरून पाहिले. नकाशा तिथेच पसरलेला असायचा. सगळी माणसे त्याच्या कडेने चालायची. प्रभाकरची तार यायची की विमान आणि बंदरावरच्या होड्या त्या वर्तुळात जाऊन आल्या, काही दिसले नाही. उमाकांत मला आणखी उघडायचा. होडी आणखी वाहिली असेल, म्हणून वर्तुळ आणखी वायव्येला सरकायचे, आणखी मोठे व्हायचे. गिरिजा माझे प्रत्येक पाऊल बघायची. वर्तुळ कसे काढतात हे तिला आता उमाकांतइतकेच कळू लागले होते. दूधवाला दारात उभा राहून हळू आवाजात म्हणायचा, “गोविंददेवजी से बोल दिया है, बाईसा। मिल जाएगा भाई।” ती मान हलवायची. संभाजी आला की त्याला काय काय बोलायचे, ते ती भांडी घासताना मोठ्याने म्हणायची.

मग तार आली की शोध थांबवला आहे. नकाशा गुंडाळला गेला आणि मी पुन्हा फळीवर गेलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी हिंदुराव तांडेल जयपूरला आले. असली बातमी कागदावर लिहायची नसते, तोंडाने सांगायची असते, असा त्यांचा रिवाज. आयुष्यात पहिल्यांदा ते समुद्र सोडून इतके लांब आले होते. दारात धोतर झटकून उभे राहिले आणि चारी बाजूंना बघून म्हणाले, “हय पाणी खंय आसा गो?”

“मागच्या हातपंपात, आबा.”

“तेवढाच?” ते म्हणाले, आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले.

गिरिजाने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

“होडी गावली,” ते म्हणाले. “मालाच्या आगबोटीक. कोंडिबा जितो होतो. दुसऱ्या पोराक पयल्याच दिवशी लाटेन नेल्यान.”

“आणि संभा?”

“संभा होडीत होतो,” म्हातारा म्हणाला. “पण नाय गो. आदल्या सकाळीच गेलेलो. पाणी संपला ना. आपल्या वाटणीचा कोंडिबाक दिल्यान.”

सुमन दारात उभी होती, ती जाऊन आईच्या कुशीत शिरली. उमाकांतने विचारले, “आबा, होडी गावली खंय?”

“खडकाच्या भायर. आपल्याच दर्यात. लांब गेलेच नाय ते.”

“असा कसा? वारो केवढो होतो!”

“जाळी सोडलेली ना,” म्हातारा म्हणाला.

मी फळीवर होतो. तिथून मला गिरिजाची फक्त बोटे दिसत होती. ती सुमनच्या केसांत होती आणि तिथेच थांबली.

“नवी जाळी, आबा?” तिने विचारले.

“सगळी. दोर बांधून, मी शिकवलेलंय तशी. आधी खंय ऐकायचो? पण झिल झालो, घरात पाळणो हललो आणि बदललो गो तो. काळो ढग दिसलो की होडी घराकडे. लोक हसायचे. म्हणायचे, संभा पाळण्याची दोरी पायाक बांधून दर्यात जाता.” हिंदुरावांच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला आणि तसाच विझला. “कोंडिबा सांगता, विमान दिसायचा. लांब, उत्तरेक, घारीएवढा. संभा सदरो काढून हलवायचो. कोंडिबा रडाक लागलो की म्हणायचो, भियां नको. थय माझे भावोजी आसत. भावोजींचो परकार चुकाचो नाय.”

उमाकांत उठला आणि मागच्या अंगणात गेला. हातपंपाचा आवाज येत राहिला, पण बादली भरल्याचा आवाज आला नाही. पाणी नुसतेच वाहत असावे.

म्हाताऱ्याला काही कळले नव्हते. वर्तुळ कुठे काढले होते हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि त्याने विचारलेही नाही. दोन घास खाऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला. प्रवासाने अगदी थकला होता.

मग गिरिजाने मला फळीवरून उचलले. तिने मला पहिल्यांदाच हातात घेतले होते. नकाशाची गुंडाळी आणली, फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. उमाकांत आत आला तेव्हा ती नकाशापुढे बसली होती.

“काढा,” ती म्हणाली.

“काय?”

“मी तेव्हा सांगलंय असता की तो जाळी सोडतलो, तर वर्तुळ खंय पडला असता? ता काढा.”

उमाकांत तिच्यासमोर बसला. त्याने मला हातात घेतले. मित्रांनो, मला खरे माप कळत होते. त्याच्या बोटांनाही कळत होते, कारण आधी ती मला थोडेसेच उघडून थांबली. खडकापासून लहान लहान पावले. मग टोक, मग वर्तुळ. ते वर्तुळ खडकाच्या जवळच पडले असते आणि होडी त्याच्या आत असती.

त्याने ती पावले टाकलीच नाहीत. त्याने मला पूर्वीइतके लांब उघडले, पहिल्या वर्तुळाच्या मधल्या जुन्या भोकात माझे टोक ठेवले आणि जुन्या रेघेवरूनच पेन्सिल फिरवली.

“हयच,” तो म्हणाला.

“जाळी सोडून पण?”

“वारो मोठो होतो गो. जाळ्यांनी काय फरक पडाचो नाय. तू काय सांगलंस, त्येचो काय संबंध नाय.”

कितीतरी होड्या त्याने या हाताने शोधल्या होत्या. त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा खोटे बोलायला लावले, आणि मी बोललो. पितळेला नाही म्हणता येत नाही. म्हणता आले असते तरी मी म्हटले नसते.

गिरिजा त्या रेघेकडे बघत राहिली. इतके दिवस तिने माझे प्रत्येक पाऊल पाहिले होते. पावले न टाकता टोक ठेवत नाहीत, हे तिला चांगले ठाऊक होते. तिने उमाकांतच्या हातातून मला घेतले आणि माझे दोन्ही पाय हळूच मिटवले.

“बरा,” ती म्हणाली. “आबा उठतले आता. चाय ठेवतंय.”

तिने विश्वास ठेवला, असे उमाकांतला वाटले. निदान तो तसे दाखवत राहिला. तीही दाखवत राहिली. त्या घरात ते बोलणे पुन्हा कधी निघाले नाही. भिंतीवर नकाशाच्या जागी देवीच्या चित्राचे कॅलेंडर आले. मला खणात ठेवले. प्रभाकरने नंतर एकदा दुसऱ्या कुठल्या होडीसाठी फोन केला, तेव्हा उमाकांतने त्याला सांगितले की आता तूच काढत जा, माझी नजर कमी झाली आहे. त्याची नजर चांगली होती. सुमन मोठी झाली, तिला भूमिती आली, पण तिच्यासाठी बाजारातून पत्र्याची नवी कंपासपेटी आणली. मला कोणी हात लावला नाही.

हिंदुराव दोन दिवस राहून गेले. स्टेशनकडे निघताना दारात ते उमाकांतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुमी केलास तेवढा खूप केलास.” ते वाक्य मी ऐकले आणि मला वाटले, या माणसाने शिवी दिली असती तर उमाकांतला अधिक सोसले असते.

मित्रांनो, माझा सांधा आता अडकू लागला आहे आणि टोकावर गंज आहे. मला पुसा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. वस्तू वापरात राहिल्या काय, पडून राहिल्या काय, त्यांचे फारसे अडत नाही. मला दुसरेच मागायचे आहे.

आपण दूर जातो तेव्हा आपली माणसे आपल्या मनात, आपण सोडून आलो त्या दिवसाचीच राहतात. धाकटा भाऊ हट्टीच राहतो. आईचे गुडघे दुखत नाहीत. मित्र अजून हसराच असतो. तिकडे मात्र ती रोज बदलत असतात, आपल्याला न विचारता. गिरिजाचे तिच्या भावावर थोडके प्रेम नव्हते. उलट फार होते, आणि म्हणूनच तिने क्षणभरही विचार केला नाही.

तेव्हा तुमचे कोणी लांब असेल तर त्याला भेटायला जा. रजा नसेल तर निदान पत्र घाला, आणि पत्रात नुसती खुशाली विचारू नका. आता तुला कशाची भीती वाटते, आता तू काय जपतोस, आता कोणासाठी घरी लवकर येतोस, ते विचारा. आज विचारा. उत्तर आले की मनातले जुने उत्तर खोडा आणि नवे लिहा. कारण कधी तरी त्या माणसाला शोधायची वेळ येईल, आणि तेव्हा त्याला विचारता येणार नाही.

माझ्या शेजारची नकाशाची गुंडाळी कधी कोणी उघडली, तर त्यावर बरीच वर्तुळे दिसतील. बहुतेक आता फिकट झाली आहेत. एक मात्र अजून ठळक आहे. त्या एकाच रेघेवरून पेन्सिल दोनदा फिरली आहे.